पिवळी रेघ

सासूने बॉनेट धाडकन खाली टाकलं, हात पुसायचं फडकं खांद्यावर फेकलं आणि निकाल देऊन टाकला.

"इंजिन गेलं. आतली बेअरिंग झिजली. ही गाडी आता लांब न्यायची नाही."

सुनेला वाटलं, तेच फडकं ओढून घ्यावं आणि म्हातारीच्या तोंडात कोंबावं. तसं काही तिने केलं नाही. व्हॅनच्या दाराला टेकून ती म्हणाली, "बरं झालं. नेमकं सोमवारच्या आत गेलं."

टोमणा लागायचा तिथे लागला. पण सासू काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिने पान्यांच्या फळीकडे तोंड फिरवलं आणि हवा तो पाना जागेवर असतानाही शोधत राहिली. कोपऱ्यात स्टुलावर आपल्या स्कूटरची वाट बघत एक गिऱ्हाईक बसलं होतं. त्याने वर्तमानपत्र जरा उंच धरलं.

सोमवारचं प्रकरण असं होतं. दूरच्या शहरात एका शीतगृहाला चालक हवे होते. माल गावोगाव पोचवायचा, रस्ता ठरलेला, पगार ठरलेला, आणि पहिली अट अशी की गाडी चालकाची स्वतःची हवी. सुनेकडे गाडी होती. लग्नाच्या आधीपासूनची, तिच्या एकटीच्या कमाईची, जुनी पण हाडाची व्हॅन. सोमवारी सकाळी ती व्हॅन शीतगृहाच्या दारात उभी राहिली नाही, तर तिच्यामागे दुसरा चालक रांगेत होताच. तिकडे दोन खोल्याही बघून ठेवल्या होत्या. त्या खोल्यांचं तिला एकच कौतुक होतं, की त्यांच्या खाली गॅरेज नव्हतं.

लग्न झाल्यापासून ती गॅरेजच्या वर राहत होती. खाली हातोडा आणि वर सासूचा आवाज, यांतलं काहीतरी एक सतत चालू असे. उशीच्या अभ्र्यालासुद्धा ग्रीसचा वास. या घरातला चमचादेखील सासूला विचारल्याशिवाय कूस बदलत नसे. भाजी कशी चिरायची, दिवे कधी मालवायचे, सुनेने कुठल्या रस्त्याने गाडी न्यायची, सगळ्यावर म्हातारीचं मत असे, आणि ते मत गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाई. सून पहिल्यांदा या गॅरेजात आली ती गिऱ्हाईक म्हणून. तेव्हा सासूने व्हॅन तपासून म्हटलं होतं, "गाडी बरी आहे. चालवणारी आगाऊ आहे." पुढे लग्न झालं, पण ते मत काही बदललं नाही.

गल्लीत सासूला सगळे मिस्त्रीण म्हणत. नवरा गेल्यावर तिने गॅरेज एकटीने चालवलं, आणि नुसतं चालवलं नाही, गाजवलं. ती माणसांना वाटेल ते बोलायची. कुणाला आळशी म्हणायची, कुणाला चोर, कुणाला दोन्ही. पण इंजिनाबद्दल ती खोटं बोलल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. काम नसेल तर "काही झालेलं नाही, पळा घरी" म्हणून गाडी परत पाठवायची. शिवाय तिची ती पिवळी रेघ. एखादा नट किंवा बोल्ट तिने आवळला की बारीक ब्रशने त्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची, अर्धी नटावर आणि अर्धी शेजारच्या लोखंडावर. नट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटायची. मग ती कंबरेवर हात ठेवून विचारायची, "कुणी हात लावला?" आणि हात लावणाऱ्याला पळता भुई थोडी व्हायची. या रेघेचा दबदबा एवढा होता की चार दिवसांपूर्वी सुनेने व्हॅन गुपचूप पलीकडच्या रस्त्यावरच्या मेकॅनिककडे नेली, तेव्हा त्याने बॉनेटमध्ये घातलेलं डोकं तसंच बाहेर काढलं. "हे तुमच्या सासूबाईंचं काम दिसतंय. मी नाही हात लावणार. मला याच गावात राहायचंय." झालं. अडला हरी म्हणून पुन्हा सासूच्याच दारात.

आणि दुखणं काय, तर एक दिवा. ऑइलचं प्रेशर कमी झालं की डॅशबोर्डवर लागतो तो तांबडा दिवा. सकाळी गाडी थंड असताना तो गप्प असे. तासभर गाडी पळून इंजिन तापलं आणि चौकात उभं राहिलं, की लाल डोळा उघडायचा. ॲक्सिलेटर जरा दाबला की मिटायचा. एखाद्या दिवशी मात्र कितीही तापवा, लागायचाच नाही, आणि सुनेच्या जिवात जीव यायचा. दुसऱ्या दिवशी परत हजर. पट्टी काढून बघावी तर ऑइल खुणेपर्यंत भरलेलं. सासूने ऑइल बदललं, फिल्टर बदलला, जुनं ऑइल बोटांत चोळून त्याला पेट्रोलचा वास येतो का तेही हुंगून पाहिलं. दिवा आपला लागतोच आहे.

"आवाज येतोय का इंजिनाचा?" सुनेने आता विचारलं. "बेअरिंग गेली की खडखड येते ना?"

"अजून नाही येत. येईल."

"म्हणजे तुमच्या कानाला काही लागलं नाही."

"कानाला नाही लागलं. पण दिवा लागतोय तो काय तुझ्या स्वागताला?"

"दिव्याचा स्विच बघितलात?"

सासू गर्रकन वळली. "स्विच मी स्वतः बसवलाय. गेल्या वर्षी. माझ्या हातचा आहे तो."

"तुमच्या हातचा म्हणजे देवाघरचा का?"

वर्तमानपत्राच्या मागे गिऱ्हाईक खोकलं. त्याच वेळी वरून जिन्याने नवरा उतरला. हातात दोरी आणि एक रिकामं खोकं. वर तो सामान बांधत होता. खाली हवा तापलेली पाहून तो पायरीवरच थबकला, दोघींकडे बघून गोड हसला आणि विचारलं, "काय झालं?"

"गाडीचं इंजिन मेलं," सून म्हणाली.

"अरेरे," तो म्हणाला. "मग... आता कसं?" आणि खोकं घेऊन परत वर गेला.

हा माणूस नळाची कामं करायचा. गावात त्याच्याबद्दल वाईट बोलणारा शोधून सापडला नसता. त्याच्या तोंडून 'नाही' हा शब्द कुणी ऐकला नव्हता. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, आईला नाही म्हणायचं नाही, बायकोला तर नाहीच नाही. एकाच दिवशी तिघांना होकार देऊन तो तिघांच्याही शिव्या हसत खायचा. त्याला खोड म्हणाल तर एवढीच, की कुठे आटे दिसले की खिशातून पांढरी टेप काढून गुंडाळायची. नळाला ठीक आहे. पण सायकलच्या पेडलला, टेबलाच्या पायाला, थर्मासच्या झाकणालासुद्धा. आई ओरडायची, "अरे, हा काय नळ आहे?" तो हसायचा आणि टेपचं टोक अंगठ्याने दाबून त्याला एक पीळ मारायचा. सुनेला तो पीळ एके काळी फार आवडायचा. शीतगृहाच्या कामाचं तिने त्याला सांगितलं तेव्हाही तो असाच हसला होता. "जाऊ की. गाडी नीट असली म्हणजे झालं." एवढ्या शब्दांवर तिने सगळा संसार खोक्यांत भरायला घेतला. दिवा लागायला लागला तो त्याच्या पुढच्या आठवड्यात.

तो वर गेला तशी सून सरळ सासूसमोर जाऊन उभी राहिली.

"आई, आता स्पष्टच बोलते. तुम्हाला मुलगा जायला नकोय. म्हणून इंजिन मेलंय."

सासूने हातातला पाना फळीवर ठेवला. अगदी हळू ठेवला, आणि तेच भीतीदायक होतं.

"परत म्हण."

"तुम्ही खोटं बोलताय. इंजिनाबद्दल."

"मला तू घरात नको आहेस हे खरं आहे," सासू म्हणाली. "पहिल्या दिवसापासून नको आहेस. तुझं चालणं आवडत नाही, बोलणं आवडत नाही, तुझ्या हातचा चहा आवडत नाही. माझा पोरगा तू घेऊन निघालीस, त्यासाठी तुला रोज शिव्या घालते. देवासमोर पण घालते. पण लोखंडाबद्दल मी खोटं बोलत नाही. ते तुझ्यासारख्यांनी बोलायचं."

"मग प्रेशरचा गेज लावा. माझ्या देखत. काटा काय सांगतो ते बघू."

"गेज कान नसलेल्यांना लागतो."

"कानाला काही लागलं नाही असं आत्ता तुम्हीच म्हणालात."

सासूने फळीच्या खालून एक पत्र्याचा डबा ओढला. त्यात चिंधीत गुंडाळलेला गेज होता, लांब नळीचा, गोल तबकडीचा. चिंधी झटकली तेव्हा धूळ उडाली. "बस गाडीत," ती गुरगुरली. "आधी इंजिन तापवायला हवं. थंड इंजिनावर सगळेच शहाणे असतात."

दोघी शेजारी शेजारी बसून निघाल्या. व्हॅनमध्ये एवढी कमी जागा आहे हे सुनेला त्या दिवशी कळलं. सासू खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि तरीही प्रत्येक गिअरला सूचना करत होती. "क्लच पूर्ण दाब." "एवढी कसली मेली घाई?" "तो खड्डा तुझ्यासाठीच ठेवला होता का?" सून दात खाऊन चालवत राहिली. गावाबाहेरच्या चढावर तिने मुद्दाम गाडी रेटली. परत येताना बाजारातल्या चौकात थांबल्या, आणि लाल डोळा टक्कन उघडला.

"बघ," सासू म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता, हे सुनेने ऐकलं, पण न ऐकल्यासारखं केलं.

गॅरेजात येऊन इंजिन बंद केलं. इंजिनातलं प्रेशर जोखून दिवा लावणारा स्विच ज्या भोकात बसतो तिथेच गेजची नळी बसवायची असते. हे भोक व्हॅनमध्ये अशा जागी, की स्टार्टरच्या मागे, खालच्या अंगाला, तिथे डोळा पोचत नाही, हात तेवढा पोचतो. तापलेल्या लोखंडावर फडकं टाकून सासूने खांद्यापर्यंत हात आत घातला. पाना चाचपडत लागला. एक आटा, दोन आटे. सून बॅटरी धरून उभी होती, आणि तिला दिसत होता फक्त सासूचा चेहरा, एका बाजूला वळलेला, घामाने भरलेला, सगळा जीव बोटांत गोळा झालेला.

स्विच सुटला. सासूने हात बाहेर काढला, मूठ उजेडात उघडली आणि बघितलं.

ती जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग मूठ मिटली आणि स्विच ॲप्रनच्या खिशात टाकला.

"काय झालं?" सुनेने विचारलं.

"काही नाही. नळी दे."

गेज बसला. तबकडी सासूने चाकावरच्या फेंडरवर टेकवून धरली, दोघींना दिसेल अशी. सुनेने किल्ली फिरवली आणि धावत येऊन पुढे उभी राहिली. इंजिन गरम, हळू फिरतंय, जिथे दिवा लागायचा नेमकं तसंच. काटा उठला आणि थांबला. लटपटत नव्हता. खालच्या तांबड्या पट्ट्याच्या कितीतरी वर, सुखात उभा होता. सासूने हाताने ॲक्सिलेटरची तार ओढली, काटा वर गेला. सोडली, परत आपल्या जागी आला. तिने पुन्हा ओढली. पुन्हा सोडली. गिऱ्हाईक वर्तमानपत्र मांडीवर ठेवून उघड उघड बघत होतं.

त्या क्षणी सासू काहीही बोलू शकली असती. गेज जुना आहे, धूळ खात पडला होता, खराब झालाय. सुनेला ते खोडून काढता आलं नसतं.

"प्रेशर आहे," सासू म्हणाली. "चांगलं आहे. बेअरिंग ठणठणीत आहेत. मी चुकले."

सुनेला आनंदाने ओरडावंसं वाटलं. पण वर्षानुवर्षं साठलेलं होतं, त्यामुळे आनंदाच्या आधी तेच बाहेर पडलं. "इंजिन मोडीत काढायला निघाला होतात! रोग रेड्याला आणि औषध पखालीला! अख्ख्या गावाला अक्कल वाटता, आणि घरची गाडी..."

"झालं तुझं?"

"नाही झालं. इंजिन ठणठणीत आहे तर दिवा का लागत होता?"

"स्विच खराब."

"तुमच्या हातचा ना तो? दाखवा."

"त्यात काय बघायचंय? भंगार आहे. नवा बसवते, दिवा बंद होईल, तू तुझ्या वाटेने जा."

सासूचा हात ॲप्रनच्या खिशावर होता. ती म्हातारी, जी आपलं म्हणणं गल्लीच्या टोकाला ऐकवायची, ती खाली बघून बोलत होती. सुनेच्या डोक्यात वीज चमकली. हिनेच! हिनेच काहीतरी करून ठेवलंय! तिने पुढे होऊन सासूचं मनगट धरलं. आजवर या दोघींनी एकमेकींना हात लावला नव्हता, पाया पडण्यापुरतासुद्धा नाही.

"दाखवा म्हणते ना!"

थोडी झटापट झाली. म्हातारीच्या हातात ताकद होती, पण तिने ती वापरली नाही. खिशातून मूठ बाहेर आली आणि उघडली.

स्विच व्हॅनचा नव्हताच. जाडजूड, लॉरीच्या इंजिनाचा. लॉरीला प्रेशर जास्त लागतं, म्हणून तिचा स्विच व्हॅनच्या चांगल्या प्रेशरलाही कमी समजतो आणि दिवा लावतो. एवढं गाडी चालवणाऱ्या सुनेलाही कळत होतं. त्याच्यावर पिवळी रेघ नव्हती. आणि आट्यांवर टेप होती. ऑइल पिऊन तपकिरी झालेली, पण मुळात पांढरी. नीट, घट्ट, एकावर एक गुंडाळलेली, आणि टोकाला एक पीळ.

या स्विचला वीज आट्यांतूनच मिळते. तिथे टेप गुंडाळली की कधी मिळते, कधी नाही. एखाद्या दिवशी दिवा का लागत नव्हता तेही कळलं. असली टेप तिथे कुठलाही मेकॅनिक गुंडाळणार नाही. मिस्त्रीण तर मेली तरी नाही. नळवाला गुंडाळेल. हाताच्या सवयीने, विचारसुद्धा न करता.

सुनेने सासूकडे पाहिलं. सासूने पाहिलं की हिने पाहिलंय.

इतक्यात जिन्यावर पावलं वाजली. नवरा चहा घेऊन उतरत होता, दोन कप, एकेका हातात, सांडू नये म्हणून जपून. "गाडी चालू झाल्यासारखी वाटली," तो म्हणाला. मग त्याला आईच्या तळहातावरची वस्तू दिसली आणि त्याची पावलं मंदावली. "काय... काय निघालं?"

"मी बसवला होता," सासू म्हणाली.

आवाज नेहमीचाच होता, खणखणीत. गिऱ्हाइकालाही स्पष्ट ऐकू गेला असणार. "लॉरीचा स्विच. मीच बसवला. तुम्ही जायला नको होतं मला. म्हणून दिवा लावून ठेवला."

सुनेने मान वळवली आणि नवऱ्याकडे पाहिलं. आता बोल, ती मनात म्हणाली. एकदा तरी बोल. मी केलं म्हण. मला यायचं नाही म्हण. तुझी नोकरी, तुझ्या दोन खोल्या चुलीत घाल म्हण, मी भांडेन, आरडाओरडा करेन, पण तू नुसतं तोंड उघड.

नवऱ्याने चहाचे कप फेंडरवर ठेवले. एक जरा सरळ केला. जमिनीकडे बघत, दुखावलेल्या, मऊ आवाजात तो म्हणाला, "आई, असं कशाला केलंस गं?"

सासूने एक कप उचलला. न पिताच परत ठेवून दिला. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते काय असतं, हे तिला सुनेच्या आधी ठाऊक नसेल असं कसं म्हणावं? तिच्याच पोटचं ते. पण त्याने तो पाय आईच्याच गळ्यावर ठेवलेला तिने आज पहिल्यांदा पाहिला असावा. जन्मभर लोखंडाबद्दल खरं बोललेली ती बाई जन्मात एकदा खोटं बोलली, आणि ज्याच्यासाठी बोलली त्याने ते खोटं चहाबरोबर गिळून टाकलं.

सुनेला सासूबद्दल प्रेम वगैरे दाटून आलं नाही. ते सिनेमात येतं. तिला राग आला, एवढा की कानांत घणघणायला लागलं, आणि तो राग इतकी वर्षं भलत्याच पत्त्यावर जात होता याचा आणखी राग आला.

"बरोबरचा स्विच आहे का?" तिने सासूला विचारलं.

"आहे."

"मग बसवा."

सासूने नवा स्विच बसवला. किल्ली फिरवली तेव्हा दिवा लागला, इंजिन सुरू झालं तेव्हा विझला, जसा विझायला हवा तसा. मग तिने ब्रश घेतला आणि खांद्यापर्यंत हात आत घालून, न दिसणाऱ्या जागी, अंदाजाने पिवळी रेघ ओढली. हात बाहेर आला तेव्हा बोटाला रंग लागला होता.

तोवर सून वर जाऊन आली होती. एकेक खोकं उचलून ती व्हॅनमध्ये टाकत होती. आपले कपडे, आपली भांडी, आपली गादी. नवऱ्याची हत्यारांची पिशवी आधीच मागे ठेवलेली होती. ती तिने उचलून बाहेर, जमिनीवर ठेवली.

"अगं, हे काय?" तो म्हणाला. "निघायचं उद्या होतं ना?"

"गाडी नीट असली की जाऊ म्हणाला होतास. गाडी नीट आहे. मी जाते."

"मी येतोय ना पण."

"ये की. चढ गाडीत."

त्याने व्हॅनकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. हत्यारांच्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीचा बंद हातात घेतला, सोडला, पुन्हा घेतला. चेहऱ्यावर तेच गोड हसू यायला बघत होतं आणि त्याला जागा सापडत नव्हती. सून दार उघडं धरून उभी राहिली. "नाही यायचं तर नाही म्हण," ती म्हणाली. "नुसतं नाही म्हण, मी तुला नावं ठेवणार नाही."

तो नाही म्हणाला नाही. तेवढं मात्र त्याने शेवटपर्यंत सांभाळलं. तो तसाच उभा राहिला, बंदाशी चाळा करत. तिने दार ओढून घेतलं.

इंजिन सुरू असताना सासू खिडकीपाशी आली. डोळे कोरडे, तोंड नेहमीसारखं कडू.

"दर टाकी भरताना ऑइलची पट्टी बघ. दिव्यावर विसंबू नकोस."

"बघेन."

"आणि क्लचवर पाय ठेवून चालवायची ती सवय सोड. रांडे, नव्या क्लचला चार वर्षंसुद्धा टिकू दिलं नाहीस."

"सोडेन."

मग सासूने मूठ पुढे केली आणि खिडकीतून काहीतरी सुनेच्या हातात कोंबलं. लॉरीचा स्विच होता, टेपसकट.

"मला कशाला हा? भंगारात टाका."

"ठेव. चार दिवसांनी त्याचा फोन येईल. रडेल. चांगला रडतो तो, लहानपणापासून. तुझं मन पाघळायला लागलं की हा काढून बघ."

सुनेने मागे पाहिलं. तो गॅरेजच्या दारात उभा होता, इकडचं बोलणं त्याला ऐकू जात नव्हतं.

"आणि तुम्ही?" तिने विचारलं.

"मी आई आहे त्याची. मला तो बघून काय उपयोग?" सासूने व्हॅनच्या पत्र्यावर थाप मारली. "निघ आता. माझ्या गिऱ्हाइकांची वाट अडवून ठेवू नकोस."

बाजारातल्या चौकात गाड्या तुंबल्या होत्या. सून त्यांच्यात उभी राहिली, इंजिन तापलेलं, हळू फिरणारं, आणि दिवा विझलेला. बराच वेळ ती त्या विझलेल्या दिव्याकडे बघत होती. मग तिने मांडीवरचा स्विच उचलला आणि टेपच्या पिळाखाली नख घालून ती सोडवून बघितली. सुटेना. चांगली घट्ट गुंडाळली होती. मागच्या गाडीने हॉर्न दिला, तेव्हा तिने स्विच डॅशबोर्डवर समोर ठेवला आणि गिअर टाकला.